मुलींचा तंत्रज्ञान गट: गावच्या शाळेत बारा शनिवार कसे चालवावेत

आठवी-नववीच्या मुलींसाठी तंत्रज्ञानाचा गट एकट्या शाळेच्या बळावर सहसा टिकत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांकडे आधीच चार वर्ग असतात, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि दुसऱ्या महिन्यात परीक्षा आली की गट मागे पडतो. म्हणून काम तिघांत वाटून घ्या. खोली, हजेरीपट आणि एक शिक्षिका शाळेने द्यायची. हत्यारं आणि शिकवणाऱ्या ताया जवळच्या तंत्रनिकेतनाने द्यायच्या. घरातून मुलीला दोन तास मोकळं करून आणायचं काम गावातल्या महिला बचत गटाचं. यातला एकही हात सुटला तर काय होतं, ते ठरलेलं आहे. ताया नसतील तर तो शाळेचाच आणखी एक तास होतो. बचत गट सोबत नसेल तर मुली तिसऱ्या शनिवारी धुण्याला आणि धाकट्या भावंडांपाशी परत जातात.

गट नीट चालला का, हे एकाच मापाने तपासा: मुलीच्या स्वतःच्या हातात हत्यार किती वेळ होतं. पुढचं सगळं नियोजन या मापाभोवती आहे.

आधी कुणाला भेटायचं

तंत्रनिकेतनात थेट प्राचार्यांना पत्र देण्याआधी राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना गाठा. योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास काम दाखवावं लागतं. तुमचे बारा शनिवार, जाण्या-येण्याचा वेळ आणि तयारी धरली तर त्यातले बरेचसे तास इथेच भरतात. हे पत्रात स्पष्ट लिहा. 'सहकार्य करावे' एवढ्याच ओळीला होकार मिळतो, पण माणसं येत नाहीत. पत्रात आकडे हवेत: इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या चार मुली, दर शनिवारी दोन तास, चार सोल्डरिंग आयर्न (तारांना डाख लावायचं तापणारं हत्यार) आणि तीन मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) परतीच्या बोलीवर.

ताया मुलीच हव्यात, आणि शक्यतो त्याच तालुक्यातल्या. भिंतीवर जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं चित्र जरूर लावा. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला होता आणि १९३९ मध्ये त्याच कमलाबाईंनी केंब्रिजची पीएचडी मिळवली, हे मुलींना कळायलाच हवं. पण नववीतली मुलगी मनातल्या मनात हिशेब घालते तो शेजारच्या गावातून रोज एसटीने तंत्रनिकेतनात जाणाऱ्या ताईशी. ती कुठे राहते, फी किती, घरचे काय म्हणाले, वर्गात मुली किती, हे प्रश्न मुली सोल्डर लावता लावता विचारतात. त्यासाठी वेगळं 'करिअर मार्गदर्शन' ठेवू नका, तिथे कुणी तोंड उघडत नाही.

बचत गटाच्या मासिक बैठकीला शिक्षिकेने स्वतः जावं. पालकसभेला बहुधा वडील येतात, आणि शनिवारी दुपारी मुलीला कामाला लावायचं की नाही हे आई किंवा आजी ठरवते. बैठकीत भाषण नको. एक तयार सर्किट न्या आणि पाण्याच्या तांब्यात तारा बुडवून बझर वाजवून दाखवा. मग संमतीपत्रावर सह्या घ्या. शाळा व्यवस्थापन समितीचा ठरावही इतिवृत्तात नोंदवून ठेवा. मुख्याध्यापक बदलून गेले तर गट त्या ठरावावर उभा राहतो.

कोणते बारा शनिवार

जिल्हा परिषदेच्या शाळा शनिवारी सकाळच्या असतात. शाळा सुटल्यावर अर्ध्या तासाने सुरू करा आणि दोन तासांत संपवा. मुली पहाटेपासून उपाशी असतात. पोह्यांची किंवा उसळीची सोय केली नाही तर शेवटच्या अर्ध्या तासात चुका दुप्पट होतात आणि भाजण्याची भीती वाढते. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, त्यामुळे नववीच्या मुलींची सोय वेगळी बघावी लागते. बाहेरगावच्या मुलींच्या एसटीची वेळ पहिल्याच दिवशी लिहून फळ्यावर लावा.

महिने मात्र गावच्या शेतीवर ठरवा. भाताच्या पट्ट्यात जुलैत लावणी असते, तिथे ऑगस्टपासून सुरू करा. सोयाबीनच्या गावात ऑक्टोबर अवघड जातो. बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोडणीच्या गावांत दसरा-दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं कारखान्यावर जातात, तेव्हा तिथे जुलैच्या पहिल्या शनिवारी सुरू करून दसऱ्याच्या आत संपवा. या गावांत शेवटचं प्रदर्शन २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ठेवलं तर ज्या मुलींसाठी गट काढला त्याच तिथे नसतात. तायांच्या डिप्लोमाच्या हिवाळी परीक्षाही दिवाळीच्या आसपास येतात, ते तारखा ठरवतानाच विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी कुणी यादीत लिहीत नाही: स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी आहे का, ते पहिल्या शनिवारआधी बघा. कपाटात सॅनिटरी पॅडचं पाकीट ठेवा आणि ते कुठे आहे हे सगळ्यांना एकदा सांगून टाका.

वीस मुली, दहा जोड्या

वीसच्या वर मुली घेऊ नका. चौघींत एक संच दिला की एक करते, एक बघते आणि दोघी गप्पा मारतात. दोघींत एक संच हवा. एकीचं काम 'हात', दुसरीचं 'नकाशा'. नकाशावाली सर्किटचं चित्र धरून सांगते आणि तपासते, वस्तूला हात लावत नाही. दर वीस मिनिटांनी घंटा वाजवा आणि कामं बदला. हा नियम कंटाळवाणा वाटला तरी मोडू नका, कारण न मोजता सोडलं की चुणचुणीत मुलगी पूर्ण दोन तास हत्यार सोडत नाही.

मुलगेही सोबत घ्यायचा आग्रह झाला तर पहिले आठ शनिवार फक्त मुलींचे ठेवा. मिश्र गटात पेचकस मुलाकडे जातो आणि 'तुझं अक्षर छान आहे' म्हणून वही मुलीकडे येते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण महिन्याभरात मुलगी लेखनिक होते. तायांनाही एक सक्त सूचना द्या: मुलीच्या हातातून वस्तू घ्यायची नाही, बोट दाखवून सांगायचं. घाईत ताईने स्वतः जोडून दिलेलं सर्किट वाजतं खरं, पण मुलीला ते ताईचं वाटतं.

पहिले चार शनिवार हाताची ओळख: तार सोलणं, पकड आणि पेचकस, मल्टिमीटर, एलईडी, ब्रेडबोर्ड (डाख न लावता सुटे भाग खोचून जोडायची भोकांची पाटी). मल्टिमीटरवर आधी कंटिन्युइटीची, म्हणजे तार अखंड असल्याची 'टीं' शिकवा, मुलींना तिचा लगेच लळा लागतो. व्होल्टेज त्यानंतर. लाल तार १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच बॅटरीला लावली तर बॅटरी शॉर्ट होते. म्हणून ते भोक पहिल्या दिवशीच चिकटपट्टीने बंद करा.

पाचवा ते आठवा शनिवार: टाकी भरल्याचा बझर

पहिला खरा प्रकल्प गावातल्या प्रत्येक घराला कळेल असा हवा. टाकी भरून वाहणं सगळ्यांना माहीत आहे. एका संचाला लागतं ते असं: बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, आतून ऑसिलेटर असलेला (बॅटरी लावताच आपोआप वाजणारा) बझर, लाल एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची टोपी, तीन रेझिस्टर (४७० ओहम, १ किलोओहम, ४७ किलोओहम), दोन स्टीलचे स्क्रू आणि तीन-चार मीटर दुपदरी तार. दहा जोड्यांसाठी ट्रान्झिस्टर २५, बझर १३, बॅटऱ्या १५ आणा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं. बझर दुकानातच बॅटरी लावून वाजवून घ्या. ऑसिलेटर नसलेला बझर दिसायला तसाच असतो, पण बॅटरीवर नुसता 'टक्' करतो.

जोडणी अशी. ट्रान्झिस्टरची चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. बझरचा धन पाय बॅटरीच्या धन टोकाला, ऋण पाय कलेक्टरला. एलईडी ४७० ओहमसह बझरला समांतर, लांब पाय धन बाजूला. एक स्क्रू बॅटरीच्या धन टोकाला जोडा. दुसरा स्क्रू १ किलोओहममधून बेसला. बेस आणि ऋण टोक यांच्यामध्ये ४७ किलोओहम. दोन्ही स्क्रू टाकीच्या तोंडाशी दोन सेंटिमीटर अंतरावर बसवा. पाणी वर येऊन दोन्हींना टेकलं की पाण्यातून अगदी थोडा प्रवाह बेसपर्यंत जातो, त्या थोड्याशा प्रवाहाने ट्रान्झिस्टर उघडतो आणि बझर वाजतो.

बझर पहिल्याच फटक्यात वाजला नाही तर शिकायला जास्त मिळतं. बिघाड शोधायचा क्रम फळ्यावर लिहून ठेवा आणि ताईला हाक मारण्याआधी तो पुरा करायला लावा. आधी बॅटरी मोजा, ७ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. मग बझर सरळ बॅटरीवर वाजवून बघा. मग ट्रान्झिस्टरची चपटी बाजू. कलेक्टर-एमिटर उलटे झाले तर बझर क्षीण वाजतो किंवा गप्प राहतो. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक रेझिस्टरची असते: ४७० ओहमचे पट्टे पिवळा-जांभळा-तपकिरी, ४७ किलोओहमचे पिवळा-जांभळा-नारिंगी. ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी आणि नारिंगी सारखेच दिसतात. अदलाबदल झाली की एलईडी अंधूक होतो आणि बझरही वाजत नाही, कारण बेसचा प्रवाह ४७० ओहममधून खाली निघून जातो. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय रेझिस्टर लावायचा नाही, हा नियम इथून लागू करा.

टाकीवर बसवल्यावर दोन तक्रारी येतात. पहाटे दवाने बझर वाजतो; तसं झालं तर ४७ किलोओहम लावायचा राहिलाय किंवा स्क्रू फार जवळ आलेत. पंधरा-वीस दिवसांत वाजेनासा होतो. तेव्हा स्क्रूऐवजी नुसती तांब्याची तार वापरलेली असते आणि धन टोकाची तार हिरवी पडून खाल्ली गेलेली असते. स्टीलच्या स्क्रूलाही हे हळूहळू होतंच, महिन्यातून एकदा घासून पुसा. आणि ९ व्होल्टच्या सुट्या बॅटऱ्या तारांच्या डब्यात टाकू नका, टोकांना चिकटपट्टी लावा; दोन्ही टोकं शेजारी असल्याने तारेच्या एका तुकड्यानेही शॉर्ट होऊन त्या तापतात.

सोल्डरिंग आठव्या शनिवारी, ब्रेडबोर्डवर सगळं वाजल्यावरच. २५ वॉटचं आयर्न पुरतं. केस बांधलेले, ओढणी मागे गाठ मारून, खिडकी उघडी. नेहमीच्या सोल्डर वायरमध्ये शिसं असतं, त्यामुळे साबणाने हात धुतल्याशिवाय पोह्यांना हात नाही. सोल्डर आयर्नवर वितळवून सांध्यावर थापू नये. आधी सांधा तापवावा आणि तिथे वायर टेकवावी. मळकट गोळी दिसली तर सांधा कच्चा आहे, चमकदार उतार दिसला तर पक्का.

वीज गेली तर दुधाचा प्रयोग हाताशी ठेवा. दोन-तीन मिलिलिटर दुधात पाच मिलिलिटर पाणी घालून उकळा, पूर्ण थंड करा, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर पिठाची भेसळ. गरम दुधात टाकलं तर निळा रंग दिसत नाही आणि मुली 'शुद्ध' लिहून मोकळ्या होतात. कमलाबाईंनी पुढे नीरा आणि डाळींच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं, ते सांगायला हा दिवस बरा.

'यानं मोटर बंद होईल का?'

बझर घरी गेला की वडील हाच प्रश्न विचारतात, आणि प्रश्न योग्य आहे. पण या गटात २३० व्होल्टला आणि पंपाच्या थ्री फेज स्टार्टरला हात लावायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. इलेक्ट्रिकलच्या ताईने स्टार्टर कसा चालतो ते चित्रावर समजावून द्यावं. बझर ऐकून मोटर बंद करायला माणूस जातो, एवढंच आत्ता पुरे.

नववा ते अकरावा शनिवार मुलींच्या स्वतःच्या विषयाचा. कल्पना त्यांच्याकडून येऊ द्या, 'स्मार्ट सिटी'चं थर्माकोलचं मॉडेल मात्र नको. गोठ्यात पाणी संपल्याचा दिवा, दळणाच्या डब्यांचा वजनकाटा, शाळेच्या नळाची गळती मोजणं, यातलं काहीही चालेल. चांगल्या कल्पना शाळेमार्फत केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत नोंदवा. निवड झाली तर दहा हजार रुपये विद्यार्थिनीच्या खात्यात येतात, तेव्हा खातं आधीच उघडून ठेवा. सहल ठेवायची तर याच टप्प्यावर. पाबळचा विज्ञान आश्रम, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका, नागपूरचं रमण विज्ञान केंद्र, जे जवळ पडेल ते. प्रत्येकीने एक प्रश्न लिहून न्यायचा. पहिल्याच आठवड्यात नेलं तर आठवण डब्याचीच राहते.

बाराव्या शनिवारी ग्रामपंचायतीत मांडणी. तायांनी आणि शिक्षकांनी मागे उभं राहायचं. सरपंचांच्या समोर एका जोडीने सर्किट मुद्दाम बिघडवून पुन्हा चालू करून दाखवावं. पाठ केलेल्या भाषणापेक्षा आईला आपली मुलगी यात नीट दिसते.

मुलगी येईनाशी झाली तर, आणि दहावीनंतर

सलग दोन शनिवार गैरहजेरी झाली की बचत गटाच्या बाईने घरी जावं, शिक्षकाने नव्हे. कारण बहुतेकदा धाकटं भावंड असतं. त्याला गटात सोबत आणू द्या आणि कोपऱ्यात चित्रं काढायला बसवा. लग्नाची बोलणी कानावर आली तर शिक्षिकेने त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचं. बालविवाह रोखण्यासाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

नववीच्या हजेरीपटातच एक रकाना कागदपत्रांचा ठेवा. शाळेच्या नोंदीतलं आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे आत्ता बघा. एका अक्षराच्या फरकाने प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. जातपडताळणीला महिने लागतात, उत्पन्नाचा दाखला दर वर्षी ताजा लागतो. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. थेट संस्थेच्या कोट्यातून घेतला तर ही माफी मिळत नाही, आणि गावात एजंट नेमकं तेच सांगत नाहीत. तंत्रशिक्षणाच्या डिप्लोमा-पदवीसाठी प्रगती शिष्यवृत्तीचे वर्षाला ५०,००० रुपये वेगळे. उत्पन्नाची मर्यादा तीच, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. हे सगळं आईवडिलांसमोर, कागदावर आकडे लिहून, ताईच्या तोंडून सांगा.

जूनमध्ये जुन्या गटातल्या दोन मुली निवडा. संचांची पेटी त्यांनी मोजायची, संपलेल्या वस्तूंची यादी त्यांनी करायची, आणि कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे.