आउटबोर्ड मोटरची निगा: रोजच्या धुण्यापासून पावसाळ्यातल्या मुक्कामापर्यंत

खाडीत किंवा किनाऱ्यालगत फिरणाऱ्या फायबरच्या होडीला मागे जी मोटर लावतात, तिला गाडीसारखा रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात ती चालते तेच पाणी खालच्या जाळीतून ओढून घेते, सिलिंडरभोवती फिरवते आणि बाहेर टाकते. मोटर चालू असेपर्यंत पाणी वाहतं असतं, त्यामुळे फारसं बिघडत नाही. होडी किनाऱ्याला लागली, मोटर उचलून आडवी केली आणि आपण मासळी उतरवायला गेलो, की तापलेल्या इंजिनात राहिलेलं पाणी आटतं आणि मीठ आतल्या वाटांना धरतं. असं रोज होत राहिलं की वाटा अरुंद होतात, इंजिन तापायला लागतं आणि एक दिवस भर समुद्रात पिस्टन जाम होतो.

म्हणून या मोटरीच्या देखभालीचं निम्मं काम मीठ धुण्याचं आहे. बाकीचं बहुतेक काम वर्षातून एकदा, मे महिन्यात, मोटर बांधून ठेवण्याआधी करायचं. खालचे आकडे छोट्या मोटरींचे, सर्वसाधारण आहेत. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर पुस्तिका खरी.

दर फेरीनंतर: गोडं पाणी

मोठं प्लॅस्टिकचं पिंप आणि मोटर अडकवायला लाकडी घोडा एवढं पुरतं. पंखा काढून ठेवा, मोटर पिंपात सोडा. पाणी आत घेणारी जाळी पूर्ण बुडून पंख्याच्या वरची आडवी पट्टीही पाण्याखाली गेली पाहिजे. न्यूट्रलमध्ये, अगदी मंद गतीवर, निदान दहा मिनिटं चालवा. दोन मिनिटांत उरकणारे बरेच आहेत, पण इंजिन गरम झाल्याशिवाय थर्मोस्टॅट उघडत नाही, आणि तो उघडल्याशिवाय गोडं पाणी सगळीकडे पोचत नाही. म्हणजे दोन मिनिटांत धुतलं जातं ते खालचं, मीठ राहतं वर. पिंपातलं पाणीही बदलत जा, चार वेळा वापरलं की तेच खारट होतं.

पिंप नसेल तर जाळीवर दोन्ही बाजूंनी बसणारे रबरी कप मिळतात, त्यांना नळाची नळी जोडता येते. आधी पाणी सोडायचं, मग मोटर सुरू करायची. बिनपाण्याची मोटर ‘फक्त चालते का बघायला’ म्हणूनही ओढू नका, कारण आतला रबरी इम्पेलर (पाणी ओढणारं पाकळ्यांचं चाक) काही सेकंदांत भाजतो. काही मोटरींना नळी थेट जोडायची जागा दिलेली असते. त्यात सहसा इंजिन बंद ठेवूनच धुवायचं असतं.

धुताना मागच्या छिद्रातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे लक्ष ठेवा. धार बारीक झाली तर तंगुसाचा, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन धाग्याचा, जाडसा तुकडा छिद्रात घालून फिरवा. पुष्कळदा तिथे गाळ किंवा शिंपल्याची कपची अडकलेली असते, किंवा बरेच दिवस पडून असलेल्या मोटरीत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं. तरीही धार आली नाही तर मोटर लगेच बंद करा आणि इम्पेलर तपासा.

शेवटी कार्ब्युरेटरची मोटर असेल तर पेट्रोलची नळी काढून ती आपोआप बंद पडू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. फ्युएल इंजेक्शनच्या मोटरीला हे करू नये, तिचा पंप पेट्रोलवरच वंगण घेतो. मग मोटर उभी ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळून जाईल.

पेट्रोल आणि तेल

टू-स्ट्रोक मोटरीत सर्वसाधारण प्रमाण ५०:१, म्हणजे २० लिटर पेट्रोलला ४०० मिली तेल. तेल टीसी-डब्ल्यू३ प्रतीचंच घ्या. पेट्रोल पंपावरचं स्कूटरचं टू-टी स्वस्त पडतं, पण ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्याने थंड होणाऱ्या मोटरीत त्याची राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर जमते.

सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं बाष्प ओढतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनाभर पडून राहिली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी उतरतं, आणि मोटर नेमकी तळातूनच ओढते. म्हणून लागेल तेवढंच भरा आणि टाकीपासून मोटरीपर्यंतच्या नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. फिल्टरची वाटी पारदर्शक असेल तर खाली साठलेलं पाणी डोळ्यांनी दिसतं.

फोर-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल घालायचं नाही. तिचं इंजिन ऑइल दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, इंजिन कोमट असताना बदला. नव्या मोटरीचं पहिलं ऑइल २० तासांच्या आसपास बदलायचं असतं.

गिअर ऑइल

हेही दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचं, आणि मुहूर्त मे महिन्याचाच. खालच्या गिअरपेटीत पाणी शिरलं असेल तर दोन महिने पडून राहून दात आणि बेअरिंग गंजतात, म्हणून पावसाळ्यानंतर बदलण्यात फारसा अर्थ नाही.

१. मोटर सरळ उभी करा. खाली पसरट भांडं ठेवा.

२. आधी खालचा स्क्रू काढा, मग वरचा. वरचा उघडला की हवा आत जाते आणि तेल भराभर उतरतं.

३. तेल निरखून बघा. काळसर पण स्वच्छ असेल तर ठीक. दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणारं रबरी सील गेलंय. नुसतं तेल बदलून भागणार नाही. स्क्रूच्या चुंबकावर राखाडी लेप असणं नेहमीचं आहे, पण बोटाला टोचणारे धातूचे कण लागले तर मिस्त्रीला दाखवा.

४. नवं तेल खालच्या भोकातून, नळीने किंवा हातपंपाने भरा, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत. वरून ओतलं तर मध्ये हवा अडकते.

५. आता आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून चटकन खालचा. दोन्ही स्क्रूंचे वायसर नवे घाला. वायसर काही रुपयांचे असतात, पण जुनेच चेपून बसवायची सवय गावोगाव आहे आणि पाणी बहुतेक तिथूनच शिरतं.

पंखा आणि त्यामागचा तंगूस

प्लगच्या वायरी काढून ठेवा, मगच पंख्याला हात लावा. स्प्लिट पिन काढून नट सोडवा, पंखा ओढा. दांड्याभोवती तंगूस किंवा जाळ्याचे धागे गुंडाळलेले दिसतील, ते ब्लेडने कापून एकेक वेढा उलगडून काढा. हा धागा सीलच्या ओठाखाली सरकून रबर कापतो, आणि गिअर ऑइल दुधाळ होण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. दांड्याला पाण्यात टिकणारं ग्रीस लावून पंखा बसवा. स्प्लिट पिन नवी.

इम्पेलर

वर्षा-दोन वर्षांनी बदलायचाच. तो चांगला दिसत असला तरी पाकळ्यांचं रबर एका बाजूला वाकून ताठर झालेलं असतं. मोटरीचा पाय उतरवण्याआधी गिअर कुठे ठेवायचा आणि गिअरची सळई कुठे सोडवायची, ते पुस्तिकेत बघा. मग बोल्ट काढून पाय खाली ओढला की उभ्या दांड्यावर पंपाचं घर दिसतं. घर उघडून जुना इम्पेलर काढा आणि त्याच्या पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय काम बंद करू नका, कारण तो वर पाण्याच्या वाटेत जाऊन बसतो.

इम्पेलरला दांड्यावर अडकवणारी धातूची छोटी चावी जागेवर आहे ना ते पाहा. नव्याला साबणाचं पाणी लावा आणि दांडा वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवत फिरवत घर खाली दाबा, म्हणजे पाकळ्या बरोबर बाजूला वाकतात. दांड्याच्या खाचांना ग्रीस लावा, पण टोकावर नको. तिथे ग्रीस साठलं तर पाय पूर्ण वर बसत नाही.

झिंक आणि प्लग

पायावर धातूचा एक मऊ तुकडा असतो, बहुतेक जण त्याला झिंक म्हणतात. बाकीच्या ॲल्युमिनियमऐवजी आधी तो झिजावा म्हणूनच तो लावलेला असतो. निम्मा झिजला की बदला आणि त्यावर रंग मारू नका. प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, ओला काळा असेल तर तेल जास्त किंवा प्लग गेलेला. नवा प्लग आधी हाताने बसवा आणि मगच पाना लावा.

पावसाळ्यातला मुक्काम

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात, मोटर घरी येते. शेवटचं धुणं झाल्यावर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोकचं तेल (वरचं टीसी-डब्ल्यू३) सोडा, दोरी दोन-तीन वेळा हळूच ओढा आणि प्लग परत लावा. मोटर घोड्यावर उभीच ठेवा. वर सुती कापड टाका. प्लॅस्टिक आवळून गुंडाळलं की आत घाम धरतो. उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा डांबरगोळ्या ठेवा.

ऑगस्टमध्ये नवं पेट्रोल भरा, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून नळीला चिरा नाहीत ना ते बघा, इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी ओढून खात्री करा. पहिली काही मिनिटं धूर जास्त येईल, ते आत सोडलेलं तेल जळतंय. होडीत एक डबा कायम असू द्या: दोन प्लग, प्लगचा पाना, पंख्याची पिन, स्प्लिट पिना, पक्कड आणि सुरू करायची जादा दोरी.

आणि मोटर कधी पाण्यात पडलीच, तर वर काढून वाळत ठेवू नका. गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढून दोरी ओढत आतलं पाणी बाहेर काढा, सिलिंडरमध्ये तेल सोडा आणि त्याच दिवशी सुरू करून चालवा. दोरी ओढताना अडकत असेल तर जोर करू नका. मिस्त्री दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर तोवर मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलेली बरी, कारण हवा लागली की बेअरिंग काही तासांतच गंजायला लागतात.