गावाला शिकवणारा प्रकल्प कसा ओळखायचा

गावात शिरल्यावर आधी प्रकल्पाच्या फलकाकडे जाऊ नका. विहिरीवर जा आणि तिथं पाणी भरणाऱ्या बाईला विचारा, "यंदा पाऊस किती झाला?" "बरा झाला" म्हणाली तर पुढं चला. तिनं मिलिमीटरमध्ये आकडा सांगितला, तर तिथंच बसा.

हे मला उशिरा कळलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावांची कामं पाहून निवड करणाऱ्या एका समितीत होते. एका गावाचा बंधारा आम्ही पहिला ठरवला. कागदावर माझीही सही आहे. बांधकाम चोख होतं. दोन पावसाळ्यांनंतर गेले, तर बंधारा गाळानं भरलेला. गाळ काढायचा कुणी, हे एकालाही सांगता येईना. ठेकेदार फोन उचलत नाही, एवढंच कळलं. ती सही मला अजून बोचते.

तेव्हापासून माझा मुख्य प्रश्न एकच: पाऊस कमी पडला त्या वर्षी तुम्ही काय सोडलं?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला या प्रश्नाचं उत्तर आहे. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा हे दुष्काळी गाव होतं. आजही पाऊस फार नसतो. पण पावसाळा सरला की मोजलेला पाऊस आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढं येते आणि पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसं, मग जनावरं, मग शेती. रब्बीला काय पेरायचं ते त्यावर ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. शेजारच्या शिवारात उसाचा पैसा दिसत असताना हा नियम पाळणं किती जड जात असेल! म्हणून मला बंधाऱ्यांपेक्षा तो ताळेबंद मोठा वाटतो.

हिशेब पोरांनाही येतो का, तेही बघा. एका एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 4 हजार लिटर पाणी. सातवीच्या मुलाला त्याच्या रानाचा हिशेब मांडायला सांगा.

मग ग्रामसभेची वही मागा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला. त्याआधी कित्येक वर्षं तिथं अभ्यासगट बसत होता आणि निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होत होते. तुमच्यापुढच्या वहीत बायकांची नावं आहेत का? कुणाचा विरोध नोंदवलाय का? सगळे ठराव एकाच हस्ताक्षरात, एकाच बैठकीत उरकलेले दिसले, तर मी तरी सही करणार नाही.

पुढारी गावात नसेल त्या दिवशी एकदा जाच. बाकीच्यांना काम सांगता येतं का, ते तेव्हाच कळतं.

आणि जायचं ते मे महिन्यात. दिवाळीच्या सुमारास सगळीच शिवारं हिरवी असतात. सोबत दोरी न्या, विहिरीचं पाणी स्वतः मोजा. दोरी धरायला गावातलं पोर पुढं आलं, तर त्याला गेल्या मे महिन्याचा आकडा विचारा.