डिस्कवाला पीएस फाइव्ह घ्यायचा की डिजिटल? दहा हजारांचं गणित असं मांडा

पीएस फाइव्ह म्हणजे सोनीचा गेम कन्सोल. डिस्कवाल्यात गेमची डिस्क घालता येते, डिजिटलमध्ये गेम फक्त ऑनलाइन घेऊन डाउनलोड करायचे. आधी दोन्हींची आजची किंमत बघा आणि फरक कागदावर लिहा. आपल्याकडे 2021 मध्ये 49,990 आणि 39,990 होती, 2024 मध्ये स्लिम (आकाराने लहान, नवं मॉडेल) आला तेव्हा 54,990 आणि 44,990, म्हणजे फरक दोन्ही वेळा दहा हजारच. अमेरिकेतले व्हिडिओ बघून हिशोब करू नका, तिकडे स्लिमला फरक 50 डॉलरचाच होता.

मग कपाट उघडा. पीएस फोरच्या, म्हणजे आधीच्या कन्सोलच्या, डिस्क पडल्यात? विषय संपला, डिस्कवाला घ्या, त्या जवळपास सगळ्या त्यात चालतात.

नसतील तर आता खरी मेख. सगळे सांगतात की डिस्क घे, खेळ, विकून टाक, दहा हजार आरामात वसूल. मीही लाइट बिलाच्या मागे पेन्सिलीने हेच मांडलं होतं, एका गेममागे तीन हजार परत, चार गेममध्ये काम झालं. वर्षभरात सात डिस्क घेतल्या आणि विकल्या किती, तर दोन! बाकीच्या "पुन्हा एकदा खेळू" म्हणत टीव्हीखाली धूळ खात बसल्या. त्यातला फुटबॉलचा गेम तर नवीन वर्षाचा गेम आल्यावर विकायला काढला, अडीच हजार मागत होतो, शेवटी स्वारगेटला एक पोरगा आला, मोबाइलच्या टॉर्चमध्ये डिस्क उलटी करून ओरखडे बघितले आणि सहाशे टेकवून गेला. चूक त्याची नाही, माझीच.

म्हणून गणित असं करा. गेल्या वर्षात तुम्ही खरोखर संपवलेले गेम मोजा, विकत घेतलेले नाही, संपवलेले. त्यातले महिन्याभरात विकायला काढले असते असे किती, ते प्रामाणिकपणे लिहा (बायकोला विचारा, ती खरं सांगेल). आता डिस्कची तुलना डिजिटलच्या पहिल्या दिवसाच्या किमतीशी करू नका, तिथेच सगळे फसतात, कारण डिजिटलवाला माणूस ऑनलाइन दुकानातल्या सेलची वाट बघतो. समजा 4,999 चा गेम सेलमध्ये 2,500 ला मिळाला, आणि तोच तुम्ही जुन्या डिस्कवर दोन हजारात घेऊन दीड हजाराला विकला, तर डिस्कवर खर्च पाचशे, वाचले दोन हजार. म्हणजे दहा हजार निघायला पाच डिस्क विकायला लागतात, घ्यायला नाही, विकायला. वर्षाला दोन विकणारा माणूस अडीच वर्षं घालवणार. माझं स्पष्ट मत, वर्षाला तीनपेक्षा कमी विकणार असाल किंवा मुलं फुकटचे ऑनलाइन गेमच खेळणार असतील तर डिजिटल घ्या आणि वाचलेले पैसे गेमवर उडवा. मित्रांमध्ये डिस्क फिरत असतील तर मात्र डोळे झाकून डिस्कवाला, ती अदलाबदल कुठल्याच सेलमध्ये मिळत नाही.

"डिस्क घेतली की स्टोरेज वाचतं" हे कोणी सांगितलं तर सोडून द्या. गेम कन्सोलच्या आतल्या स्टोरेजवर (एसएसडीवर) इन्स्टॉल होतोच, वर खेळताना डिस्कही आत लागते.

डिजिटल ठरलं तर अकाउंट भारताचंच उघडा, देश नंतर बदलता येत नाही.

"आत्ता डिजिटल घेतो, डिस्क ड्राइव्ह नंतर लावतो" हे फक्त स्लिम किंवा प्रोला (सगळ्यात ताकदवान मॉडेलला) जमतं, 2021 च्या जुन्या डिजिटलला ड्राइव्ह बसतच नाही. शिवाय सुटा ड्राइव्ह 2023 मध्ये आला तेव्हा अमेरिकेतच 80 डॉलरला होता, म्हणजे आधीच डिस्कवाला स्लिम घेण्यापेक्षा तीस डॉलर जास्त, आणि तो जोडताना कन्सोलला एकदा इंटरनेट लागतं. सेकंडहँड डिस्कवाला घेत असाल तर घरून एक डिस्क खिशात घालून जा आणि मालकासमोर गेम सुरू झाल्याशिवाय पैसे देऊ नका.