नवं इंजिन अडलं तर आधी काय तपासायचं, मग कंपनीला काय लिहायचं

मी कुर्ल्याच्या कारशेडमध्ये इलेक्ट्रिकल फिटर होतो. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतल्या लोकांची मॉडेल रेल्वेची, एचओ स्केलची (खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी) इंजिनं दुरुस्त करून देतो. इंजिनाबरोबर तक्रारही ठरलेली येते: "काका, कंपनी दादच देत नाही." कंपनीला काय लिहिलं होतं ते बघायला मागितलं, तर "माझं इंजिन नीट चालत नाही" एवढंच असतं. शेडमध्ये मोटरमनने नुसतं "गाडी बरोबर नाही" असं लिहून दिलं असतं, तर आम्ही सुरुवात तरी कुठून करणार? दोष नेमका सांगणाऱ्याला पार्ट लवकर मिळतो. म्हणून आधी दोष शोधायचा.

पहिलं म्हणजे तो दोष आहे का हेच बघा. साउंडचं इंजिन साध्या डीसी कंट्रोलरवर (नॉब फिरवून रुळातली वीज कमी-जास्त करणाऱ्या) लावलं की नॉब बराच फिरवेपर्यंत नुसता आवाज येतो, चाक हलत नाही. आतल्या डिकोडरला, म्हणजे मोटर आणि आवाज सांभाळणाऱ्या सर्किटला, जागं व्हायलाच पाच-सहा व्होल्ट लागतात, मोटरचा नंबर त्यानंतर. हा बिघाड नव्हे. सेकंडहँड इंजिन डीसीवर अजिबातच हलत नसेल तर सीव्ही २९ (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली नंबर दिलेली सेटिंग) तपासा. आधीच्या मालकाने त्यातली डीसीवर चालण्याची सोय बंद केलेली असू शकते. डीसीसीवर (रुळांतून इंजिनाला डिजिटल हुकूम द्यायची पद्धत) हाक देऊनही ओ देत नसेल तर पत्ता, म्हणजे इंजिनाला हाक मारायचा नंबर, ३ टाकून बघा, नवीन डिकोडरचा पत्ता तोच असतो. बऱ्याच डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की सगळं मूळ स्थितीला येतं, पण आपल्या डिकोडरची पुस्तिका बघूनच हे करा.

मग वीज. अडखळत, झटके देत चालणारं इंजिन आलं की मी मोटरकडे नंतर बघतो, चाकांकडे आधी. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा, दोन्ही रुळावर बसतात. टिश्यू पेपरची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओली करून रुळांवर आडवी घाला. एक बोगी (इंजिनाखालचा चाकांचा संच) पट्टीवर, दुसरी उघड्या रुळावर. उघड्या रुळावरच्या बोगीतून वीज मिळते आणि पट्टीवरची चाकं जागच्या जागी फिरतात. इंजिन हाताने धरून ठेवायचं. पट्टीवर काळे पट्टे उमटतात. ते उमटायचे थांबेपर्यंत जागा बदलत राहा, मग इंजिन उलटं फिरवून दुसरी बोगी. पॉलिश पेपरने चाकं घासू नका. चरे पडतात आणि त्यात मळ आणखी लवकर धरतो.

आता खरी गोष्ट, गिअर. इंजिन हळू चालवताना एका लयीत टक्-टक् आवाज येत असेल, चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा, आणि ते लंगडत असेल, तर नव्वद टक्के माझा संशय एक्सलच्या (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) गिअरवर जातो. बोगीच्या खालचं कव्हर नखाने किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हरने अलगद उचला, एक्सल सुटे होतात. प्लास्टिकचा गिअर उजेडात धरून दोन दातांमधली प्रत्येक खाच भिंगातून बघा. तडा खाचेतच असतो, केसाएवढी रेघ. धातूच्या एक्सलवर प्लास्टिकचा गिअर दाबून बसवलेला असतो. वर्षानुवर्षं तो ताण सोसून प्लास्टिक उकलतं, इंजिन खोक्यातून बाहेर काढलं नसलं तरीही. असा गिअर ढिला पडला की चाकं आपल्या जागेवरून सरकतात आणि गाडी सांध्यावर (रूळ बदलतात तिथे) घसरायला लागते. एचओच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ मिमी हवं; कॅलिपर लावून मोजा. फेविक्विक लावायचा मोह आवरा. हे प्लास्टिक बहुधा ॲसिटल असतं आणि त्याला कोणताच गोंद टिकून धरत नाही. नवाच गिअर लागतो, आणि एकाला तडा गेला असेल तर सगळ्या एक्सलचे एकदमच मागवा. बाकीचे त्याच लॉटमधले असतात आणि टपालखर्च तेवढाच पडतो.

जुन्या इंजिनात साच्यातली धातूची चौकट फुगून भेगाळलेली दिसली तर मात्र उपाय नाही. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं की असं होतं. चौकटच बदलावी लागते.

तपासणी झाली, आता कंपनीला लिहा. इंजिन परदेशी परत पाठवायचं नाव काढू नका. जाण्यायेण्याचं कुरिअर आणि कस्टम मिळून खर्च इंजिनाच्या किमतीला जाऊन भिडतो. पार्ट मागा. मजकूर साधारण असा हवा:

"मॉडेल नंबर अमुक, अमुक तारखेला अमुक दुकानातून घेतलं, बिल जोडलं आहे. डीसीवर चालवतो, १२ व्होल्ट. पुढे जाताना प्रत्येक फेरीला टक्-टक् आवाज येतो, मागे जातानाही येतो. रूळ आणि चाकं साफ केली, फरक नाही. मागच्या बोगीच्या दुसऱ्या एक्सलच्या गिअरला तडा आहे, फोटो जोडला आहे. पार्ट नंबर अमुक. गिअर मिळेल का? वॉरंटीत बसत नसेल तर किंमत कळवा."

शेवटचं वाक्य जरूर लिहा. समोरच्या माणसाला "हो" म्हणायला त्याने दोन वाटा मिळतात. वीसेक सेकंदांचा व्हिडिओ जोडा, इंजिन जवळून आणि आवाजासकट. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली आठवण करा. नवीन मेल लिहिला की तक्रार नव्याने रांगेत लागते.

आणि उशीर करू नका. हल्ली बहुतेक मॉडेलं बॅचमध्ये निघतात. बॅच संपली की पार्टही संपतात, मग कंपनीची कितीही इच्छा असली तरी देणार काय? खोकं उघडल्या दिवशीच इंजिन दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास, मध्यम वेगाने, डबे न जोडता चालवा. वॉरंटीतला दोष वॉरंटीतच बाहेर येतो.

भारतातल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलं असेल तर तुमचा हात आणखी वर आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार मिटवायची. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पुढचं इंजिन घ्याल तेव्हा रंगकाम आणि बारीक कठड्यांवर भाळण्याआधी एक प्रश्न विचारा: याचे पार्ट मिळतात का? मार्कलिन या जर्मन कंपनीच्या पुस्तिकेत सुट्या भागांची आकृती नंबरांसकट छापलेली असते, हे मला मनापासून आवडतं. (त्यांची एचओ इंजिनं तीन-रूळ पद्धतीची, आपल्याकडे साधे दोन रूळ असतील तर त्यांच्याच घरची ट्रिक्स बघा.) काटो या जपानी कंपनीच्या एन गेज (एचओहून लहान) इंजिनांची चाल शांत आणि एकसारखी असते, जागा कमी असेल तर तोही विचार करा. चालत्या गाड्या बघायच्या असतील तर पुण्यात भाऊ जोशींनी उभं केलेलं, १९९८ मध्ये सुरू झालेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे. तिथे बघताना कान उघडे ठेवा; सुस्थितीतल्या गिअरचा आवाज कसा असतो ते एकदा ओळखीचं झालं की घरचा टक्-टक् लगेच पकडता येतो.

आणि परदेशातून संच मागवताना अडॅप्टरवरचा आकडा वाचा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टला लावला तर तो जळतो, कधीकधी कंट्रोलरलाही घेऊन जातो, आणि ही जळीत कोणत्याच कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही.