दुकानातली उचलेगिरी कशी रोखावी, आणि कुणी सापडलंच तर काय करावं

काउंटर मागे सरकवून मोकळे रॅक लावले की विक्री वाढते आणि उचलेगिरीही सुरू होते. पुढचं सगळं मालक आणि दोन-तीन पोरं मिळून चालवतात अशा किराणा-जनरल दुकानासाठी आहे. मॉलवाल्यांकडे या कामाची वेगळी माणसं असतात.

१. आधी तूट मोजा

सगळं दुकान दर आठवड्याला मोजणं कुणालाच जमत नाही. लहान, महाग आणि सहज लपणाऱ्या दहा-बारा वस्तू निवडा: दाढीच्या ब्लेडची कार्ट्रिज, डिओ, फेसक्रीम, मोठी चॉकलेटं, काजू-बदामाची पाकिटं, तूप, बाळाच्या दुधाची पावडर. आठवड्यातून एकदा शटर उघडण्याआधी त्या मोजायच्या आणि बिलिंगमधल्या शिलकीशी ताडायच्या.

फरक दिसला म्हणून लगेच गिऱ्हाइकावर ठपका ठेवू नका. डिस्ट्रिब्यूटरचा माणूस बॉक्स कमी टाकून गेलेला असतो, स्कीमचा माल चुकीचा चढवलेला असतो, एका साबणाच्या बारकोडवर दुसरा साबण मारलेला असतो. आणि घर दुकानाच्याच वर असेल तर घरचं माणूसही बिल न करता तुपाची बरणी उचलून नेतं. हे सगळं वगळून उरेल ती चोरी.

२. मांडणी बदला

तूट येणाऱ्या वस्तू काउंटरच्या मागे किंवा अगदी समोर आणा. मधले रॅक छातीपेक्षा उंच नकोत. आंधळ्या कोपऱ्यात बहिर्गोल आरसा लावा. कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त पडतो आणि गिऱ्हाइकालाही दिसतो. पिशव्या टोकन देऊन बाहेर ठेवायच्या असतील तर सगळ्यांच्याच ठेवा. कपडे बघून नियम लावला की गिऱ्हाईक कायमचं तुटतं.

एक कॅमेरा दारात, चेहरा दिसेल इतक्या उंचीवर हवा. छतातल्या कॅमेऱ्यात फक्त टाळू दिसते. त्याचं घड्याळ बरोबर आहे ना आणि रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं, हे आजच बघा. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमच्या दाराशी नग मोजून टोकन द्या. आत मात्र कॅमेरा लावणं हाच गुन्हा आहे.

३. बोला

‘या काकू, काय देऊ?’ यात खर्च काहीच नाही. चोरायला आलेल्याला कुणी आपल्याकडे बघितलेलं नको असतं. दिवाळीत आणि लगीनसराईत घोळका येतो: एक भाव विचारते, दुसरी वरच्या फळीवरचं काढायला लावते, तिसरीचा हात चालतो. अशा वेळी एक माणूस दारापासून हलता कामा नये. साडीच्या दुकानात नको असलेली घडी लगेच मागे घ्या, सराफाने एका वेळी एकच ट्रे पुढे ठेवावा.

लक्ष हालचालींवर ठेवा. वस्तूच्या किमतीऐवजी तुमच्या पोरांवर नजर, एकाच क्रीमचे चार नग, पुन्हा पुन्हा उघडणारी पिशवी. जात, बोली, वेश यांवरून चोर ठरवू नका. पारध्यांसारख्या समाजांवरचा ‘गुन्हेगार जमात’ हा इंग्रजांच्या कायद्याचा शिक्का १९५२ साली पुसला गेला; काही दुकानदारांच्या डोक्यात तो अजून आहे.

४. खात्री असेल तरच पुढे व्हा

वस्तू उचलताना पाहिली, लपवताना पाहिली, मधे नजर हटली नाही आणि बिल झालं नाही, या चारांपैकी एक जरी सुटलं तरी गप्प बसा. चारही असतील तर काउंटरवरच विचारा: ‘ताई, पिशवीतलं ते क्रीम बिलात घ्यायचं राहिलं का?’ बरेच जण ‘अगंबाई, विसरलेच’ म्हणून काढून देतात. पैसे घ्या, विषय संपवा. माल परत आला, तुम्हाला आणखी काय हवंय?

५. नाकबूल केलं तर

दोघांनी मिळून बोला. समोर बाई असेल तर तुमच्यातली एक बाईच हवी. कॅमेऱ्यासमोर, उघड्या जागी. गोदामात कोंडू नका, हात उचलू नका, अंगझडती तर मुळीच नको. दुकानदाराला तो अधिकारच नाही.

कायदा नीट समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ नुसार चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. पण माल ५,००० रुपयांच्या आतला, दोषी पहिल्यांदाच ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर शिक्षा समाजसेवेची. ५,००० च्या आतली साधी चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही; ते सहसा एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) करतात. सामान्य माणसाला कुणाला पकडून ठेवण्याची मुभा आहे ती दखलपात्र (पोलीस थेट अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा डोळ्यांसमोर घडला तरच, आणि तेव्हाही ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पोलीस कोणतं कलम लावतील त्यावर हे बदलू शकतं, पण तीनशेच्या क्रीमसाठी कुणाला डांबून ठेवलंत तर गुन्हा तुमच्यावरच नोंदवला जाऊ शकतो. ११२ ला फोन करा. माणूस पळालाच तर पळू द्या.

‘चोरी पकडल्यास दहापट दंड’ ही पाटी असेल तर काढून टाका. असा दंड घ्यायला कायद्याचा आधार नाही, आणि पोलिसांची धमकी देऊन पैसे उकळणं खंडणीच्या कलमात बसू शकतं.

अठराच्या आतलं पोर असेल तर आई-वडिलांना बोलवा. त्याचा फोटो कुठेही जाता कामा नये. मोठ्यांचीही क्लिप व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवू नका, बदनामीचा दावा लागू शकतो.

६. त्याच दिवशी

क्लिप पेन ड्राइव्हवर काढा. वेळ, वस्तू, किंमत, कुणी पाहिलं, हे लिहून ठेवा. प्रकरण कोर्टात गेलं तर रेकॉर्डिंगसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

तुटीचा माग तुमच्याच नोकराकडे गेला तर कायदा जास्त कडक आहे: न्याय संहितेचं कलम ३०६, ७ वर्षांपर्यंत कैद. पण आधी त्याला एकट्याला बसवून आकडे समोर ठेवा, त्याचं ऐका. आणि कुणी नेलं ते कळलं नाही म्हणून सगळ्या पोरांच्या पगारातून तूट कापू नका. ज्याने काहीच घेतलं नाही तो पुढच्या वेळी दाराकडे बघणं सोडतो.