व्हिडिओ अडकतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

कॉम्प्युटरवर व्हिडिओ मध्येच थांबला, गोल चक्र फिरत राहिलं किंवा काळ्या पडद्यावर नुसताच एरर आला की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो नेट गेलंय, दुसरा म्हणतो कॉम्प्युटरच म्हातारा झालाय. सोलापुरात नवी पेठेत दुकानात नेला तर तिसरं मत तयारच असतं: फॉरमॅट मारून घ्या, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. माझ्या मते फॉरमॅट हा या दुखण्यावरचा अगदी शेवटचा उपाय. बहुतेक वेळा तिथपर्यंत जायची पाळीच येत नाही.

व्हिडिओ चार ठिकाणी अडू शकतो: साइटच्या सर्व्हरवर (व्हिडिओ जिथून येतो तो साइटचा कॉम्प्युटर), घरापर्यंतच्या लाइनमध्ये, घरातल्या वाय-फायवर आणि खुद्द कॉम्प्युटरमध्ये. यातलं कोणतं, हे कळलं की निम्मं काम झालं. ते न बघता सेटिंग बदलत बसलं तर जुना दोष तसाच राहतो आणि वर दोन नवे तयार होतात.

आधी काही बदलू नका, नुसतं बघा

एररचा मजकूर पूर्ण वाचा आणि मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा. कोपऱ्यात बारीक अक्षरात कोड असतो, तोही फोटोत आला पाहिजे. कोड ५०० किंवा ५०३ असेल तर गडबड सर्व्हरची. चहा घ्या आणि थोड्या वेळाने परत बघा. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर तो व्हिडिओ आता नाही. ४०३ म्हणजे व्हिडिओ आहे, पण तुम्हाला बघायची परवानगी नाही. लॉगिनची मुदत संपलेली असते, व्हीपीएन (नेटवर आपण दुसरीकडे आहोत असं दाखवणारी सोय) चालू राहिलेलं असतं, किंवा त्या कार्यक्रमाचे भारतातले हक्कच त्या साइटकडे नसतात.

एकाच वेळी जास्त पडद्यांवर बघताय, असा निरोप आला तर राउटरकडे बघूच नका. मुलगा पुण्यात हिंजवडीला, मुलगी हैदराबादला आणि अकाउंट सगळ्यांचं एकच, हे सोलापुरात घरोघरी आहे. एक फोन करा, कुणीतरी बंद करेल.

तसा काही निरोप नसेल तर तोच व्हिडिओ त्याच वाय-फायवर मोबाइलमध्ये लावा. तिथे नीट चालला तर दोष कॉम्प्युटरकडे आहे किंवा त्याच्या जागी वाय-फाय पोचत नाही. तिथेही अडला तर मोबाइलचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर लावा. आता चालला तर लाइन किंवा राउटर बिघडलाय. दोन्हीकडे अडला आणि बाकीच्या साइट मात्र चालताहेत, तर ती साइटच बसली आहे.

एक उजवी क्लिक

यूट्यूबवर एक सोय आहे, तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. कॉम्प्युटरवर कोणताही व्हिडिओ लावा, चित्रावर उजवी क्लिक करा आणि यादीत शेवटी असलेलं ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. कोपऱ्यात आकड्यांची काळी चौकट उघडते. आकडे बघून घाबरायचं कारण नाही, आपल्याला त्यातल्या दोनच ओळी हव्यात.

पहिली ओळ ‘बफर हेल्थ’. व्हिडिओ अखंड येत नाही, काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि पुढचे तुकडे आधीच साठवले जातात; नळ रोज येत नाही म्हणून आपण टाकी भरून ठेवतो, तसं. किती सेकंदांचा साठा शिल्लक आहे ते ही ओळ सांगते. आकडा २०-३० सेकंदांच्या आसपास किंवा त्याहून वर टिकून असेल तर नेटला दोष देऊ नका. तो घसरत घसरत शून्यावर आला आणि तेव्हाच चित्र थांबलं, तर नेट कमी पडतंय.

दुसरी ओळ ‘फ्रेम्स’ची. त्यात ‘ड्रॉप्ड’ शब्दाच्या आधीचा आकडा म्हणजे कॉम्प्युटरला दाखवायला न जमलेली चित्रं. सुरुवातीला किंवा खिडकी लहान-मोठी करताना चार-दोन गळाली तर ते चालतं. पण व्हिडिओ चालू असताना तो आकडा भराभरा वाढतोय आणि बफर हेल्थ भरलेली आहे, तर नेट कितीही वेगवान घेतलं तरी उपयोग नाही. कॉम्प्युटरच मागे पडतोय.

ही तपासणी साध्या, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर करा. लाइव्ह प्रक्षेपणात साठा मुळातच कमी ठेवलेला असतो. आणि हो, क्रिकेटच्या मॅचमध्ये शेजारच्या टीव्हीवर विकेट आधी पडते आणि तुमच्याकडे मागाहून, हा बिघाड नाही. नेटवरचं लाइव्ह काही सेकंद मागेच चालतं.

नेट कमी पडत असेल तर

घरातली बाकीची डाउनलोड थांबवून फास्ट डॉट कॉम उघडा. उघडताच वेग मोजून देतं. यूट्यूबच्याच सांगण्याप्रमाणे १०८०पी दर्जाच्या व्हिडिओला सुमारे ५ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट, हे नेटच्या वेगाचं माप) लागतात, ७२०पीला २.५ आणि ४केला २०. म्हणजे ५० एमबीपीएसचा प्लॅन असलेल्या घरात खरं तर कशाचीच अडचण यायला नको. म्हणूनच आकड्यापेक्षा त्याची चढ-उतार महत्त्वाची. सकाळी सहाला एकदा आणि रात्री नऊला एकदा मोजा. सकाळी ४८ आणि रात्री ४ येत असेल तर तुमच्या भागातल्या लाइनवर गर्दी होतेय. कॉम्प्युटरला हात लावून काही होणार नाही. महिनाअखेरीलाच हे घडत असेल तर प्लॅनची डेटामर्यादा संपून वेग कमी केलाय का ते आधी विचारा. ५ एमबीपीएसने तासभर व्हिडिओ बघितला तर सव्वादोन जीबी जातात. घरात चार माणसं असली की हिशेब लवकर भरतो.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर पुढचं काही करू नका. डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. रस्ता खणताना केबल तुटलेली असते किंवा घरात कपाटाखाली वायर चेंगरलेली असते. वायर कुठे मुडपली नाहीये ना, तेवढं बघा आणि ऑपरेटरला फोन लावा.

दिवे ठीक असतील तर फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी डबा चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर. इथे एक इशारा, आणि तो मी सगळ्यांना देतो: राउटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात पिन घालू नका. ते रिस्टार्ट नाही, रिसेट आहे. आपल्याकडच्या पुष्कळ लाइन ऑपरेटरने दिलेल्या युजरनेम-पासवर्डवर चालतात. रिसेट केलं की ते पुसलं जातं आणि पाच मिनिटांच्या कामासाठी माणूस येईपर्यंत वाट बघावी लागते.

लाइट गेल्यावर कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहतो आणि राउटर मात्र साध्या बोर्डवर असतो, अशी वायरिंग बऱ्याच घरांत आहे. मग व्हिडिओ का थांबला हे कोडं पडतं. राउटर आणि डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. घेताना जुन्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून जा. बहुतेक १२ असतात, काही ९.

वाय-फाय आणि पाण्याची बॅरलं

लोखंड आणि पाणी, दोन्हीतून वाय-फाय नीट जात नाही. आणि आपल्या घरात नेमकं काय असतं? नळाला रोज पाणी नाही म्हणून न्हाणीघराबाहेर ओळीने भरलेली बॅरलं, आणि राउटर ठेवलेला लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, भिंतीला चिकटून. कॉम्प्युटर बॅरलांच्या पलीकडच्या खोलीत असेल तर आणखी कारण शोधायला नको. राउटर कपाटावरून काढून मोकळ्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला लावा. शक्यतो मधल्या खोलीत.

बऱ्याच राउटरवर दोन नावं दिसतात, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५चं. कॉम्प्युटर त्याच खोलीत असेल तर ५वर जोडा. वेग जास्त, शेजाऱ्यांची गर्दी कमी. दोन भिंती पलीकडे असेल तर २.४च बरं. त्यावर मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथचाही त्रास होतो, म्हणून स्वयंपाकघरात काही गरम करायला ठेवलं की व्हिडिओ अडतो, अशी तक्रार करणाऱ्याला हसू नका.

डेस्कटॉप एका जागी बसणारा असेल तर राउटरपासून सरळ लॅनची केबल ओढा. दिसायला बरी दिसत नाही, पण वाय-फायचा प्रश्नच संपतो.

ब्राउझर

आधी इन्कॉग्निटो खिडकी उघडा: क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन. तिथे लॉगिन करून व्हिडिओ चालला तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सोय) किंवा जुन्या कुकीजचा (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी). बहुधा जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शनच निघतं. एकेक बंद करून बघा; त्यातून नाही सुटलं तर फक्त त्या साइटच्या कुकीज आणि साठा पुसा, सगळ्या पुसू नका. नाहीतर बँकेपासून लाइटबिलापर्यंत सगळीकडे परत लॉगिन.

आवाज येतो पण चित्र काळं किंवा हिरवं दिसतं, तेव्हा क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टम’खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचं बटण आहे ते उलटं करून क्रोम पुन्हा चालू करा. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू.

पैसे देऊन बघायच्या साइटच अडतात आणि यूट्यूब व्यवस्थित चालतं, असं असेल तर संशय ‘वाइडवाइन’वर. कॉपी रोखणारा हा घटक क्रोममध्ये आतच असतो. नेटफ्लिक्सचा एम ७७०१-१००३ हा कोड त्याचाच. अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि कंपोनंट्स असं टाइप करा, यादीत वाइडवाइन शोधा आणि अपडेट तपासा. याच साइट व्हीजीए केबलने जोडलेल्या मॉनिटरवर चित्र कमी दर्जाचं देतात किंवा नाकारतात, कारण त्या केबलवर कॉपी रोखायची सोय नाही. एचडीएमआय वापरा.

यूट्यूब ‘ऑडिओ रेंडरर एरर’ म्हणालं तर हेडफोनची पिन काढून परत घाला.

आणि घड्याळ बघा. खरंच. तारीख चुकली की सुरक्षित साइट उघडतच नाहीत. ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’ असा निरोप येतो. बोर्डाचं बटण रोज रात्री बंद करायची सवय असलेल्या घरांत हा बिघाड हमखास सापडतो. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो, तो संपला की बटण बंद केल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि सकाळी कित्येक वर्षं मागे जाऊन उघडतो. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

कॉम्प्युटर मागे पडत असेल तर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, सतत ९०-१०० टक्के दाखवत असेल तर सगळ्यात वर कोण बसलंय ते बघा. अँटीव्हायरसचं स्कॅन किंवा विंडोजचं अपडेट असेल तर संपू द्या. वर क्रोमच असेल आणि प्रोसेसर जुना असेल तर दर्जा १०८०पीवरून ७२०पी किंवा ४८०पी करा. बरेच नवे व्हिडिओ एव्ही१ नावाच्या पद्धतीत येतात. ते उलगडायची सोय इंटेलमध्ये ११व्या पिढीपासून आत बसवलेली आहे, त्याआधीच्या प्रोसेसरला हे काम अंगमेहनतीने करावं लागतं.

एप्रिल-मेमध्ये, पारा बेचाळीसच्या पुढे गेला की, हाच कॉम्प्युटर दुपारी अडतो आणि पहाटे चालतो. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घराला लागूनच माग चालतात, तिथे याला आणखी एक कारण असतं. कॅबिनेटची बाजू उघडून सीपीयूचा पंखा काढला की पंखा आणि खालच्या धातूच्या पात्यांच्या मध्ये सुताच्या तंतूंचा राखाडी थर बसलेला दिसतो. चिमटीत धरला तर अख्खा उचलून येतो. पंखा जोरात फिरत असतो, पण वारा पात्यांपर्यंत पोचतच नसतो. वायर काढून कॅबिनेट अंगणात न्या, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि कोरड्या रंगाच्या ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मागाजवळच्या घरात हे दर दोन-तीन महिन्यांनी करावं लागतं.

विंडोज ७ असेल तर मात्र दुरुस्तीत वेळ घालवू नका. त्यावर चालणारं शेवटचं क्रोम १०९वं, आणि पैसे देऊन बघायच्या साइट इतक्या जुन्या ब्राउझरला एकेक करून नाकारत चालल्या आहेत. विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली, पण त्यामुळे व्हिडिओ बंद पडत नाहीत.

तक्रार करताना

ऑपरेटरला ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं की ‘राउटर बंद-चालू करा’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं सांगा: लॅन केबलने मोजलं, सकाळी सहाला इतके, रात्री नऊला इतके, तीन दिवस असंच, एलओएस दिवा बंद आहे. मग माणूस लवकर येतो.

साइटचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधू नका. त्या साइटच्या आत ‘हेल्प’मध्ये जाऊनच संपर्क करा. गुगलवर मिळालेला माणूस स्क्रीन बघायचं अ‍ॅप टाकायला सांगत असेल किंवा पाच रुपये भरायला सांगत असेल तर फोन ठेवा. तसंच ‘व्हिडिओ बघण्यासाठी फ्लॅश प्लेअर अपडेट करा’ असं कुठे आलं तर ते शंभर टक्के खोटं, कारण फ्लॅश ३१ डिसेंबर २०२०लाच बंद झालं. पैसे गेलेच तर लगेच १९३०वर फोन करा. सायबर फसवणुकीसाठीचा तो सरकारी क्रमांक आहे, आणि तक्रार जितकी लवकर तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.