सिव्हिक वळणात सरळ पळायची तेव्हा

अमेरिकेतल्या आयोवातला मातीचा ओव्हल, म्हणजे लंबगोल, रेसट्रॅक, आमची जुनी होंडा सिव्हिक. कायम डावीकडेच वळायचं, पण स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडीचं नाक बाहेरच्या भिंतीकडे. पुढची चाकंच गाडी ओढणार, तीच वळवणार. त्यात उजव्या पुढच्या टायरवर सगळा भार.

तो टायर नीट पाहिला. बाहेरची कड खरवडून निघालेली, आतली नवी कोरी. म्हणून त्या चाकाचा वरचा भाग आत झुकवला, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर, डाव्याचा बाहेर. खरा फरक मात्र मागून पडला: मागच्या टायरांत हवा वाढवली, उजवीकडे मागे कडक स्प्रिंग टाकली. आता अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागच्या टायरांची पकड सुटून मागचा भाग बाहेर घसरतो आणि गाडी झकास वळते. ट्रॅक सुकून गुळगुळीत झाला, की मागचा भाग जास्त घसरू नये म्हणून मागची हवा थोडी उतरवतो. स्प्रिंग बदलण्याआधी तुमच्या रेसिंग क्लासचे, म्हणजे गटाचे, नियम जरूर वाचा.